कबरीची घंटी बिरसीला गेली

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नाही, गाईच्या गळ्यातली. अंगाला पोचे आहेत, काठ एका बाजूने झिजला आहे आणि आवाज किंचित घोगरा. तरी माझ्यासारखं भाग्य फार थोड्या घंट्यांना लाभलं असेल. कसं, ते सांगते.

माझा जन्म काशाचा. मला साच्यात ओतलं आणि निवल्यावर पोटात लोखंडी लोलक टांगला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. त्या जत्रेत धनसिंगने मला कानाशी धरून वाजवलं, आवडले म्हणून घेतलं आणि नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावी कबरी नावाच्या कालवडीच्या गळ्यात बांधलं. एकदा दाट धुक्यात कबरी वाट चुकली, तेव्हा माझ्या आवाजावरून ती सापडली. धनसिंगची बायको दुर्पता माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "तू होतीस म्हनून माही गाय घरी आली." ते शब्द मी आजही जपून ठेवले आहेत.

दुर्पताबाई नेमाची बाई. दिवेलागणीला उंबऱ्यापाशी दिवा लावायचा, माझा आवाज दाराशी आला की पहिला घास कबरीला द्यायचा, मगच आपण जेवायचं. धनसिंग चिडवी, "नवरा नाई आला तं चालते हिले, गाय मात्र याले पायजे!"

"नवरा भुकेनं आपसूक येते," ती म्हणे.

पुढे कबरी म्हातारी होऊन गेली. मी खुंटीला लागले. कुंभारमाशीने माझ्या पोटात मातीचं घर बांधलं. दुर्पताबाई दिवा लावून बसे आणि उपाशीच निजे. धनसिंगला ते पाहवेना. एका संध्याकाळी त्याने ती माती काढली आणि मला वाजवत वाजवत शेताकडून दारापर्यंत आला. दुर्पताबाईने शेजारच्या वासराला घास दिला आणि ती जेवली. तेव्हापासून तोच नेम झाला.

अशाच एका संध्याकाळी नागझिऱ्याहून परतणारी चेतना नावाची तरुणी माझा आवाज ऐकून आमच्या दाराशी थबकली. ती गोंदियाची. तिथल्या मुलामुलींचा तिने ऑर्केस्ट्रा उभा केला होता.

"म्हंजे सिनेमाचे गाने?" दुर्पताबाईने विचारलं.

"नाही हो काकी. सिम्फनी. खूप वाद्यांनी मिळून सांगितलेली, शब्दांवाचूनची मोठी गोष्ट."

परदेशातल्या कोणा संगीतकाराने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेली एक सिम्फनी ती मुलांकडून वाजवून घेऊन रेकॉर्ड करणार होती. त्यात एका जागी गाईंच्या घंट्या दुरून ऐकू याव्यात असं लिहिलेलं होतं. बाजारातल्या नव्या घंट्या नुसत्या टिणटिणत. तिला मी हवी होते.

"देतो," दुर्पताबाई म्हणाली. "पन मी संगं येतो. दिवेलागनीले आमी दोघी घरी पायजे."

गोंदियाजवळ, बिरसीच्या विमानतळालगतच्या एका राइस मिलचं रिकामं गोदाम रेकॉर्डिंगसाठी एका दिवसापुरतं मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे धान उतरणार होतं. भिंतींवर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, टांगून आवाजाचा घुमारा कमी केला होता. माइकसमोर व्हायोलिन, चेलो, तुताऱ्या घेतलेली मुलं बसली होती. मला वाजवायला प्रिया होती.

आता गंमत ऐका. प्रिया रोज घरी देवापुढे घंटी वाजवणारी. मला हातात घेतलं की तिचा हात आरतीचाच ठेका धरी. सगळी मुलं मान डोलवू लागत. चेलोवाला चंद्रकुमार ओरडला, "अरे, परसाद किधर है?"

"प्रिया, गाय चरते आहे. गाईला ताल नसतो," चेतना सांगे. पण ठेका सुटेना. तो थोडा सुटला, तर वरून शिकाऊ पायलटांचं विमान घरघरत जाई आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. विमानं थांबायची ती सूर्य मावळल्यावर.

शेवटच्या बसची वेळ झाली. दुर्पताबाई उठली. मुलांचे चेहरे पडले. चेतनाने मला दोन्ही हातांनी तिच्या ओटीत ठेवलं. "न्या काकी. तुमचा नेम मोडून मला संगीत नको. आम्ही घंटीवाचून वाजवू."

दुर्पताबाई दारापर्यंत गेली आणि वळली. "बाई, त्या लिवनाऱ्या मानसाले कायले पायजे होती गाईची घंटी?"

"त्या गोष्टीत एक माणूस डोंगरावर खूप उंच गेलाय, एकटा. खालच्या गावातला हा एकच आवाज त्याच्यापर्यंत येतो."

दुर्पताबाई दारातून परत आत आली. मग म्हणाली, "मंग तो बी वाटच पाहून राहिला. पोरीहो, वाटीभर पीठ द्या अन् एक दिवा."

मिलमध्ये तांदळाच्या पिठाला काय तोटा! तिने गोदामाच्या उंबऱ्यावर पिठाच्या रांगोळीचा चौक काढला, दिवा लावला आणि मला प्रियाच्या गळ्यात बांधलं. "आज माहं घर अथीच. तू बांध्यांतून घरी ये."

"आजी, मी गाय होऊ?"

"हो. अन् चरत ये, पळत नोको येऊ."

शेवटचं विमान उतरलं. चेतनाने हात उचलले. व्हायोलिनं अगदी हळू सुरू झाली. दूर कापलेल्या धानाच्या बांध्यांतून, म्हणजे खाचरांतून, प्रिया चालू लागली. खुंट पायाला टोचत, खाचरांमधल्या अरुंद धुऱ्यावर तोल जाई, आणि मी कधी वाजे, कधी नाही. ताल कुठल्या कुठे पळाला. मित्रांनो, मला वाटलं, कबरीच मला घेऊन चालली आहे.

वाद्यं एकेक करून थांबली. कागदावर माझं कामही तिथेच संपत होतं. पण मला उंबऱ्यापर्यंत पोचायचं होतं. चेतनाने हात तसेच वर धरून ठेवले. कोणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. मी दाराशी आले, आणि त्या शांततेत दुर्पताबाई म्हणून गेली, "ये वो माय. दमली असशीन."

"गया!" चंद्रकुमारने कपाळावर हात मारला.

दुर्पताबाईने तोंडाला पदर लावला. "माह्यानं खराब झालं का वो? आनखी एकदा करा."

चेतनाने ते पुन्हा लावून ऐकलं. डोळे पुसले. "नको काकी, राहू द्या. घंटी दुरून येते, एवढंच त्याने लिहिलं होतं. कोणाच्या घरी येते, ते आज कळलं."

मुलांनी आपले डबे उघडले. दुर्पताबाईने पहिला घास प्रियाच्या तोंडात घातला. "आज तूच माही कबरी." प्रियाने भरल्या तोंडाने हंबरून दाखवलं, आणि सगळं गोदाम हसलं.

आता ते रेकॉर्डिंग धनसिंगच्या फोनमध्ये आहे. परवा तो म्हणाला, "रोज कायले चालू? फोन लावला का झालं."

"फोनले पाय असतेत का?" दुर्पताबाई म्हणाली. त्याने फोन खिशात टाकला आणि मला घेऊन तो शेताकडे निघाला.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरातली जुनी वस्तू नुसती घासूनपुसून कपाटात ठेवू नका. तिला रोज थोडं काम द्या, कोणाच्या तरी वाटेवर राहू द्या. माझी वाट पाहणारं माणूस मला मिळालं. त्या देवाचे उपकार मी रोज संध्याकाळी, माझ्या घोगऱ्या आवाजात, मानत असते.