बारा बटणांचा आवाज

धनराजने एफ-फाइव्ह दाबलं. कॉम्प्युटरने ‘रूपाली, जरा इकडे ये’ असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी पडदा मधोमध दुभंगला आणि उजवीकडे एक रिकामी चौकट उघडली. त्याने पुन्हा दाबलं, आणखी एक चौकट. तिसऱ्यांदा दाबल्यावर तर भावाभावांत वाटणी झालेल्या शेतासारखे पडद्याचे तुकडे तुकडे झाले, आणि आवाज काही आला नाही. शेवटी त्याने टेबलावर स्टीलचा पेला आपटला.

“आली बाबा!” स्वयंपाकघरातून सून ओरडली. “पेला चेपला न तुमी. तिसरा हाये हा.”

रूपाली पदराला हात पुसत आली, तिने पडद्याकडे बघितलं आणि ती खुर्ची ओढून शेजारी बसली. तीन दिवस हेच चाललं होतं. दोघंही कंटाळले होते आणि कंटाळा एकमेकांपासून लपवायचेही कष्ट आता कोणी घेत नव्हतं.

अडीच वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी धनराजचं स्वरयंत्र काढलं होतं. पंचवीस वर्षं ओढलेल्या बिड्या आणि गालात धरलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा भोवला. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर तो पांढरं फडकं बांधत असे. बोलणं संपलं. पण मंगरूळपीरच्या कॉलेजात अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर लॅबचा असिस्टंट म्हणून काढलेला माणूस हातपाय गाळून बसणाऱ्यांतला नव्हता. सगळं कॉलेज रंगीबेरंगी प्रोग्रामांच्या मागे लागलं तेव्हाही तो काळ्या पडद्यावर मजकूर लिहायच्या जुन्या एडिटरला धरून राहिला होता. प्राध्यापक हसायचे. पण त्या एडिटरमध्ये एक सोय होती. सुरू होताना तो एक फाईल वरून खाली वाचायचा आणि कुठल्या बटणाने काय करायचं ते त्या फाईलीत आपल्याला हवं तसं लिहून ठेवता यायचं. धनराजने एफ-वनपासून एफ-ट्वेल्वपर्यंत बारा बटणांवर बारा वाक्यं बसवली. बटण दाबलं की स्पीकरमधून वाक्य बाहेर. बाकी बोलण्यासाठी दगडी पाटी होती. मोबाइलवरची अक्षरं त्याच्या थरथरत्या बोटांना सापडत नसत.

वाक्यं त्याने शुद्ध मराठीत लिहिली होती. लिहायचं म्हणजे पुस्तकातल्यासारखंच, ही कॉलेजातली सवय. त्याची बायको, हेमला, पहिल्या दिवशी ते ऐकून पोट धरून हसली होती.

“कोन मेला हा नाकात बोलून राह्यला माह्या घरात?” ती म्हणाली होती. “अन् तुमी कवापासून पुन्याचे झाले जी?”

हेमला गेली त्याला चार महिने झाले. दुपारी चटई टाकून पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून रूपाली इथे अनसिंगला, सासऱ्याकडे येऊन राहिली होती. नवरा ऋषिकेश पुण्यात कारखान्यात, ती तिथल्याच एका शाळेत शिकवायची. शाळेने बिनपगारी रजा दिली, ती वाढवली, आणि आता दिवाळीची सुट्टी संपल्यावर सोमवारी हजर व्हा, नाहीतर येऊ नका असं कळवलं. आज शनिवार. चारची एसटी धरून वाशिमला आणि तिथून संध्याकाळची ट्रॅव्हल्स.

प्रश्न एवढाच होता, की ती एकटी जाणार की सासऱ्याला घेऊन.

ऋषिकेशने फोनवर सरळ सांगितलं होतं, “बाबांले एकटं ठिवून मले झोप नाही येनार. काही झालं तं हाक कशी मारतीन? शनिवारी बारा वाजता मी फोन करतो. ते स्वतः मशीनवरून बोलले तं राहू द्या तिथंच. नाही बोलले तं त्याइची ब्याग भर अन् संग घेऊन ये.”

धनराजला पुण्याला जायचं नव्हतं. तिथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि सकाळी आठला दोघं कामाला गेली की संध्याकाळी सातपर्यंत भिंतीच होत्या. इथे निदान ओट्यावर बसलं तर येणारा-जाणारा हात वर करत होता. आणि खरं सांगायचं तर, हेमला जिथे निजली होती ते घर सोडून जायला त्याचं मन धजत नव्हतं. हे मात्र त्याने पाटीवरही कुणाला लिहून दाखवलं नव्हतं.

आवाज नेमका ह्याच आठवड्यात गेला, तो चांगुलपणामुळे. त्याचा जुना विद्यार्थी जिनेश, वाशिमला ज्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तो मुद्दाम भेटायला आला होता. सरांची टाइप करताना होणारी दमछाक त्याला बघवेना. त्याने एडिटरला एक नवं प्लगिन, म्हणजे वरून बसवायचा छोटा प्रोग्राम, जोडलं. दोन अक्षरं लिहिली की पुढचा शब्द तेच सुचवणार. “सर, आता तुमाले मेहनतच नाही,” असं म्हणून, चहा पिऊन तो गेला. त्या संध्याकाळपासून बारा बटणांपैकी एकही बोललं नव्हतं.

“आज काय करायचं?” रूपालीने विचारलं.

धनराजने पाटीवर लिहिलं, ‘अर्धं झाकू.’

लॅबमध्ये त्याने ही पद्धत कित्येक पोरांना शिकवली होती. बिघाड कुठे आहे ते कळत नसेल, तर फाईलीचा अर्धा भाग झाकायचा. पुसायचा नाही, ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकायची, म्हणजे मशीन ती ओळ वाचत नाही. मग बघायचं. बिघाड गेला, तर तो झाकलेल्या भागात. नाही गेला, तर उघड्या. आधी त्याने एडिटर फाईलीशिवाय नुसता सुरू करून पाहिला, तो ठणठणीत होता. मग प्लगिन बाजूला काढून ठेवलं. जिनेशवर ठपका ठेवण्याआधी आपली फाईल शाबूत आहे का तेवढं, एकेक अर्धा भाग करून, बघायचं होतं.

फाईल चांगली लांब होती, कारण धनराज तिच्यातलं काही काढतच नसे. कॉलेजात सामानाचं रजिस्टर त्याच्याकडे असायचं. त्यातली ओळ खोडायची नाही, बदल झाला की तारीख घालून खाली नवी नोंद करायची, असा दंडक होता. अठ्ठावीस वर्षांत तो हाडामांसात मुरला. फाईलीतही तो तेच करायचा. एकाच बटणाची वर जुनी ओळ, खाली नवी. मशीन शेवटची ओळ खरी मानतं, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. फाईलीचा वरचा अर्धा भाग हेमलाच्या वेळचा होता. खालचा, चार महिन्यांत रूपालीसाठी लिहिलेला.

त्याने खालचा अर्धा भाग झाकला आणि एडिटर बंद करून पुन्हा सुरू केला. एरर आला नाही, म्हणजे वरचा भाग शाबूत होता. धनराजने मान डोलावली. रूपालीने घड्याळ पाहिलं, सव्वाअकरा.

तेवढ्यात फोन वाजला.

“यायचाच हा!” रूपाली पुटपुटली. “बाराचं सांगून अकराले.” तिने फोन उचलून स्पीकर चालू केला.

“मीटिंग हाये बारा वाजता, म्हनून आताच केला,” ऋषिकेशचा आवाज आला. “बाबा, बोला.”

धनराज गडबडला. समोर झाकलेली फाईल आहे, हे क्षणभर डोक्यातून निघूनच गेलं. त्याने सवयीने एफ-टू दाबलं. ‘नमस्कार, मी धनराज बोलतोय’ हे त्याचं वाक्य.

स्पीकरमधून तो नाकातला आवाज स्वच्छ आला, “हेमला, फोन वाजतो आहे. उचल.”

घाबरून धनराजने एफ-थ्री दाबलं, ‘मी बरा आहे’ असं म्हणण्यासाठी.

“हेमला, गोळी घेतलीस का?”

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. चार महिन्यांत त्या घरात हे नाव मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. रूपालीने तोंडावर पदर धरला.

“रूपाली,” ऋषिकेश म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. “रूपाली, बाबा आईले हाका मारून राह्यले. त्याइच्या डोक्यावर परिनाम झाला. तू ब्याग भर त्याइची. मी आता कोनाचं काही ऐकत नाही.”

धनराजने पाटी ओढली, पण पाटी फोनवर कशी दाखवणार? त्याने खडू हातात नुसता धरून ठेवला. रूपालीकडे बघायचीही त्याला हिंमत झाली नाही. तिने ‘बरं’ म्हटलं असतं तर तिचीही सुटका होती. पुण्याला गेल्यावर रोज काळजी करायला नको, गावात कोणी नावं ठेवायला नको.

“अहो, थांबा जरा,” रूपाली म्हणाली. “बाबा बरोबर हायेत. फाईलीचा खालचा भाग त्याइनं झाकून ठिवला व्हता, बिघाड पाह्यासाठी. वरचा जुना हाये, आईंच्या वेळचा. म्हनून मशीन तसं बोललं. तुमी ठरल्या टाइमाच्या आंधी फोन केला, चूक तुमची.”

“मंग ते जुनं काढून काहून नाही टाकलं?”

रूपालीने सासऱ्याकडे पाहिलं. धनराजने पाटीवर सावकाश लिहिलं, ‘ओळ खोडत नसतात.’

“खोडत नसतात म्हने,” तिने सांगितलं आणि डोळे पुसले. “अर्ध्या तासानं फोन करा. मीटिंगले जरा उशीर झाला तं होऊ द्या.”

फोन ठेवून ती उठली आणि चहा करायला गेली. धनराजने नाकाने नव्हे, गळ्याने एक लांब श्वास सोडला आणि कामाला लागला. खालच्या ओळींवरच्या खुणा काढल्या, तर बटणं बोलली; प्लगिन परत जोडलं, तर गप्प झाली. आता दुखणं उघड होतं. फाईलीत काहीच वाईट नव्हतं. जिनेशचं प्लगिन फाईल वाचून झाल्यावर, सगळ्यात शेवटी येत होतं आणि आल्या आल्या बटणं आपल्या कामाला लावत होतं. शेवटी येईल त्याचं खरं, एवढाच त्या मशीनचा न्याय. धनराजने प्लगिनला फाईलीच्या अगदी वर बोलावून घेतलं, म्हणजे आधी त्याचं होऊ दे, मग माझं. काढून टाकायचं त्याच्या मनात आलं नाही. पोराने मायेने दिलं होतं. तीन दिवसांचं दुखणं आणि औषध एका ओळीचं. आनंद व्हायला हवा होता, पण त्याचे खांदे फक्त दुखत होते.

पावणेबाराला फोन आला.

“नमस्कार, मी धनराज बोलतोय,” मशीन म्हणालं. “मी बरा आहे.”

ऋषिकेश म्हणाला, “बरं बाबा. राहा तिथंच. पन रोज फोन उचलायचा.” आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, “ते मघाचं, आईवालं, हाये ना अजून फाईलीत?”

“हाये,” रूपालीने सांगितलं.

“राहू द्या मंग.”

चार वाजता धनराज तिची बॅग घेऊन स्टँडवर गेला. ती नको नको म्हणत होती. रस्त्याकडेच्या तुरी फुलावर आल्या होत्या. एसटी उशिरा आली. तीन दिवस झटून मिळवलेला आवाज घरी टेबलावर राहिला होता आणि इथे तो मुकाच होता. रूपालीने वाकून नमस्कार केला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ ठेवला. कंडक्टरने घंटी मारली.

घरी येऊन तो कॉम्प्युटरसमोर बसला. जिंकला होता तो. घरही राहिलं, आवाजही मिळाला. आता हा आवाज ऐकवायचा कुणाला, हा विचार त्याला तेव्हा पहिल्यांदा शिवला. तीन दिवस बटणांच्या मागे लागून त्याने तो दूर ठेवला होता.

साडेपाचला फोन वाजला.

“बाबा, वाशिमले पोचली. ट्रॅव्हल्स लागली हाये. बोला काही.”

त्याने ‘मी बरा आहे’ वाजवलं.

“ते सकाळीच आयकलं,” रूपाली म्हणाली. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. “दुसरं काही बोला ना.”

धनराज एकेक बटण बघू लागला. ‘चहा ठेव.’ ‘दार लावून घे.’ ‘पंखा कमी कर.’ ‘जरा इकडे ये.’ सगळी वाक्यं घरातल्या माणसासाठी होती. घरातून निघून गेलेल्या माणसाला सांगण्यासारखं एकही नव्हतं. टाइप करायला गेला तर तोवर गाडी पुण्याच्या अर्ध्या वाटेवर पोचेल.

मग त्याचं बोट एफ-इलेव्हनवर थांबलं. ऑपरेशननंतर पेज चमच्याचमच्याने गिळायला त्याला तास लागायचा, आणि त्याचं उरकेपर्यंत हेमला उपाशी बसायची. ते वाक्य त्याने तेव्हा घातलं होतं. त्यात नाव नव्हतं, म्हणून त्याच्या खाली नवी ओळ कधी लिहावी लागली नाही. त्याने फोन स्पीकरजवळ नेला आणि बटण दाबलं.

“जेवून घे. माझी वाट पाहू नकोस.”

“हो बाबा,” रूपाली म्हणाली. “घेतो जेवून.”

कुणीतरी गाडीत बसायला ओरडलं आणि फोन बंद झाला. धनराज उठून स्वयंपाकघरात गेला, तिने झाकून ठेवलेली पेज गरम केली, एक वाटी वाढून घेतली आणि दिवा लावून एकटाच जेवायला बसला.