सरकारी मोकळीक

काजींनी कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि चटईवर ताउसीपुढे ठेवून दिला.

"कागद छान आहे," ते म्हणाले. "शिक्का आहे, साहेबाची सही आहे. पण याच्यावर मला निकाह लावता येणार नाही."

ताउसी मान खाली घालून बसली होती. तिच्याशी लग्न करायला निघालेला कोम्बो शेजारीच होता. तो पेंबा बेटावरच्या वेते गावात, बंदरावर होड्या बांधायचा. आज त्याने मुद्दाम धुतलेला पांढरा झगा घातला होता.

"का नाही, शेखसाहेब?" त्याने विचारलं. "ती आता कुणाची बटीक नाही. कचेरीनंच सांगितलंय तसं."

"कचेरीनं सांगितलंय. तिच्या धन्यानं, खलफाननं सांगितलंय का?"

कोम्बोने ताउसीकडे पाहिलं.

"बटकीला मोकळं करतो तो तिचा धनी," काजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, मुलांना धडा समजावावा तसे ते बोलत होते. "दोन माणसांसमोर, स्वतःच्या तोंडानं, अल्लाच्या नावानं. ते झालं नसेल तर निदान धनी म्हणून लग्नाला परवानगी तरी द्यावी. दोन्हींतलं एक काहीतरी आणा, मी उद्या निकाह लावतो."

"आणि नाहीच आणता आलं तर?"

"तर तुम्ही दोघं जे कराल त्याला मी लग्न म्हणणार नाही."

हे ऐकून कोम्बोच्या आईने, बी मिझेने, दाराआडूनच तोंड उघडलं. "मी आधीच बोलले होते. बटकीची पोरं बटकीच्या धन्याची. नऊ महिने आमच्या घरात वाढवायचं आणि नातवंड खलफानच्या गोठ्यात बांधायचं, असंच ना?"

"आई, गप्प बस."

"बसते की. मी बसून काय पोरं माझी होणारेत?"

कचेरीत जा, असं ताउसीला खुद्द खलफान बिन नासोरनेच सांगितलं होतं. पेंबा बेटावर इंग्रजांचा कायदा येऊन आता काही वर्षं झाली होती. गुलामाने कचेरीत जाऊन मोकळीक मागायची, सरकार कागद देणार आणि धन्याला भरपाई देणार. खलफानच्या लवंगांना त्या वर्षी भाव नव्हता. "तुझं लग्न होईल, माझं छप्पर होईल," तो म्हणाला होता. ताउसीला त्यात गैर काही वाटलं नाही. पैसे मिळाले की तो ओट्यावर बसून चार माणसांत तिला रीतीप्रमाणे सोडेल, असं तिने धरूनच ठेवलं होतं. तसं त्याने कबूल केलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

कचेरीत साहेबाने दुभाष्याकरवी तिला विचारलं होतं, राहणार कुठं, पोट कशावर भरणार. मग खलफानला विचारलं, ही कामाला कशी आहे. खलफान खुर्चीत पुढे सरकून बोलू लागला. हिच्यासारखा लवंग खुडणारा हात अख्ख्या वेतेत नाही. फांदी मोडत नाही, कळी चुरगळत नाही, तापातसुद्धा कामाला येते. जन्मापासून त्याच्या वाडीत असूनही ताउसीने हे त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. ऐकताना तिला बरं वाटलं होतं. साहेबाने साठ रुपये लिहिले तेव्हा कुठे तिला कळलं की तो कौतुक का करत होता.

काजींकडून निघून ती सरळ खलफानच्या ओट्यापाशी गेली. छपरावर नवे पत्रे चढत होते.

"धनी, एक शब्द हवाय."

खलफानने आधी रस्त्याकडे पाहिलं. "हळू बोल. आणि धनी म्हणू नकोस."

"अल्लाच्या नावानं मला सोडलं असं दोन माणसांपुढं म्हणा. काजी अडून बसलेत."

"सोडू काय? तू माझी राहिलीस कुठं? विकलेली शेळी कुणी दान देतं का?"

"मग सरकारनं मला विकत घेतलंय?"

"ते साहेबाला विचार."

"बरं, मग परवानगी तरी द्या. धनी म्हणून."

"आणि कुणी जाऊन सांगितलं की खलफान अजून बटकीला परवानग्या देतोय, मग? दिलेले रुपये परत मागतील. वर तुरुंग." त्याने पत्र्यांकडे बोट केलं. "रुपये ते बघ, वर ठोकतायत."

तो खोटं बोलत नव्हता, खरोखर घाबरला होता. ताउसीला ते दिसत होतं, आणि त्यामुळे त्याच्यावर नीट रागावताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. साहेब तरुण होता, उन्हाने नाक सोललेलं. त्याने तिला उभं न ठेवता बाकावर बसायला सांगितलं.

"साहेबांनी मला विकत घेतलंय," ती दुभाष्याला म्हणाली, "तर साहेबांनीच मला अल्लाच्या नावानं सोडावं."

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला नाही. त्याने लेखणी खाली ठेवली आणि बराच वेळ बोलला.

"साहेब म्हणतात, सरकार माणसं विकत घेत नाही. ते रुपये तुझी किंमत नव्हती. खलफानचं नुकसान झालं, त्याची भरपाई होती."

"नुकसान कसलं झालं?"

"तू गेलीस, ते."

"म्हणजे मीच की."

दुभाष्याने हे इंग्रजीत सांगितलं की नाही, तिला कळलं नाही. तिने पुढची गोष्ट मागितली. शब्द उच्चारल्याबद्दल खलफानला शिक्षा होणार नाही, एवढं साहेबांनी लिहून द्यावं. साहेबाने नकारार्थी मान हलवली. तसं लिहिलं तर आजही खलफान तिचा धनी आहे असं सरकारने मानल्यासारखं होईल, आणि सरकार ते मानत नाही. निकाह हा धर्माचा मामला, तिथे काजींचं चालतं, सरकार त्यात हात घालत नाही. साहेबाला मनापासून वाईट वाटत होतं. तेही दुभाष्याने सांगितलं.

बाहेर आल्यावर दुभाषा तिच्या मागोमाग जिना उतरला. "बाई, एवढी पायपीट कशाला? शब्द ऐकला म्हणणारी दोन माणसं हवीत ना? बंदरावर रुपयाला एक मिळतो. दोन रुपये दे, तुझा जन्म पाहिला म्हणूनसुद्धा शपथ घेतील."

संध्याकाळी तिने हे कोम्बोला सांगितलं. तो रंधा थांबवून विचारात पडला.

"दोन रुपये आहेत माझ्याकडं," तो म्हणाला.

"मला नको."

"कोण बघायला येतंय, ताउसी?"

"कुणी नाही. पण आपलं लग्न खरं की खोटं हे रोज रात्री मलाच विचारत बसावं लागेल. तसंच राहायचं तर निकाह हवा कशाला? आजच येते तुझ्या घरी."

कोम्बोने रंधा पुन्हा फळीवर ठेवला, पण चालवला नाही. "मग करायचं काय?"

तिलाही ठाऊक नव्हतं. ते तिला त्या रात्री पडल्यापडल्या सुचलं. सुचलं तेव्हा तिला ते मुळीच आवडलं नाही.

सकाळी ती खलफानच्या अंगणात गेली, भिंतीला टेकवलेली केरसुणी उचलली आणि झाडू लागली. झाडून झाल्यावर लवंगांच्या चटया उचलून मागच्या अंगणातून पुढे, रस्त्याच्या बाजूला आणून पसरल्या. विहिरीवर जाणाऱ्या बायका थांबल्या.

"काय गं, तू तर सुटलीस म्हणे?"

"कागद मिळालाय."

"मग हे काय?"

"धन्याचं अंगण आहे. घाण कसं ठेवायचं?"

खलफान दारात आला आणि दातओठ खात म्हणाला, "जा इथून." ती म्हणाली, "आधी एवढं झाडून होऊ दे, धनी." तेही रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. तो आत गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, त्याच्या पुढच्या दिवशीही. कचेरीचा शिपाई तिथून जाताना रेंगाळला. समोरचा दुकानदार गिऱ्हाइकांना म्हणू लागला, "खलफानची चैन आहे. रुपये पण घेतले, बटीक पण ठेवली."

शुक्रवारी दुपारी नमाज सुटला. माणसं रस्त्याने येत होती. ताउसी चटईपाशी वाकून सांडलेल्या लवंगा केरसुणीने गोळा करत होती. खलफान ओट्यावरून धावत खाली आला. त्याने तिच्या हातातली केरसुणी हिसकावून रस्त्यात भिरकावली.

"ऐका सगळे," तो येणाऱ्या माणसांकडे वळून म्हणाला. "ही माझी कुणी नाही. हिला मी सोडलं. अल्लाच्या नावानं सोडलं, आजपासून ही मोकळी आहे. ऐकलंत ना? काजींना सांगा, साहेबाला सांगा, कुणालाही सांगा. आणि हिला माझ्या दारातून न्या."

चार-पाच जणांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "ऐकलं, खलफान." खलफान पायऱ्या चढून आत गेला.

संध्याकाळी काजींनी दोघा माणसांना बोलावून विचारलं आणि त्यांचा जबाब ग्राह्य धरला.

"रागात बोलले ते," ताउसी म्हणाली. "मनातून नाही."

"मोकळीक रागात दिली तरी लागू होते. मनातलं मी विचारत नाही." काजींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुला हवं होतं ते मिळालं ना?"

"मिळालं."

कोम्बो आईला सांगायला जवळजवळ धावतच गेला. बी मिझे म्हणाली, गुरुवार चांगला आहे, आणि नारळ किती आणायचे ते मोजू लागली.

बुधवारी ताउसी आणि कोम्बो बाजारातून तांदूळ घेऊन येत होते. लवंगवाड्यांमधल्या अरुंद पायवाटेवर समोरून खलफान आला. ताउसी सवयीने वाट सोडून गवतात उतरली. त्याच वेळी खलफानही पलीकडच्या गवतात उतरला. तिच्याकडे न बघता तो झाडाच्या खोडाला हात लावून थांबला. ती आधी जाईल म्हणून तो थांबला होता. तो आधी जाईल म्हणून ती थांबली होती. वाट मध्ये मोकळीच पडली होती.

"चल ना," कोम्बो म्हणाला.

तिने तांदळाची टोपली डोक्यावर नीट केली आणि वाटेवर पाऊल ठेवलं.