दोन सूत

नवी चाकं बसवल्यापासून विमल पगारेचे स्केट्स डावीकडे ओढायला लागले. कोर्टाच्या या टोकाहून बॉल घेऊन सरळ सुटायचं आणि गोलाऐवजी डाव्या कठड्यावर जाऊन आदळायचं, हे रोज दहा वेळा. पंच्याऐंशी साल होतं. शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर मुलींची रोलर हॉकीची टीम तयार होत होती आणि राज्य स्पर्धेला नाशिकच्या या मुली पहिल्यांदाच जाणार होत्या. दोन वर्षं विमल त्या टीमची हुकमी खेळाडू होती. रविवारच्या निवडीला पाच दिवस उरले आणि तिलाच सरळ जाता येईना.

टीमचे प्रशिक्षक शामसुंदर सर मनाने वाईट नव्हते, हे आधी सांगितलेलं बरं. मुंबईहून नवी चाकं त्यांनीच खटपट करून आणवली होती, सगळ्या मुलींना अगदी सारखी. विमलच्या उजव्या बुटाची जुनी चाकं झिजून बोडकी झाली होती आणि त्यातली दोन चिरलीही होती. एका बुटाला चार, दोन बुटांना आठ. आठही चाकं नवी कोरी बसली तेव्हा सरांना धन्य वाटलं. चांगल्या माणसांनी केलेली चूक निस्तरायला फार जड जाते, कारण त्यांना ती चूक वाटतच नाही.

विमलने स्केट्स उचलले आणि थेट पंचवटीत यादव मिस्त्रीचं दुकान गाठलं. भाजीबाजाराच्या मागच्या बोळात हे दुकान. हातगाड्या, सायकली, उसाच्या रसाचे चरक, जे जे म्हणून फिरतं ते यादवमामाकडे यायचं. माणूस मूळचा दिंडोरीकडचा, बोलणं गावाकडचं आणि कान असा, की चाक फिरवून आवाजावरून दुखणं सांगायचा.

"छर्रे साफ हायेत," त्याने एकेक चाक बोटाने फिरवून ऐकलं. तरी बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, नवं ग्रीस भरलं. ओढ गेली नाही. मग त्याने नट सैल केले, मग घट्ट केले. बुटाखालचे रबराचे गट्टू बदलले. डावीकडची चाकं उजवीकडे आणि पुढची मागे करून पाहिली. बोळातल्या फरशीवर विमल जायची आणि गाडी डावीकडे, भाजीवाल्या कुसाबाईच्या मेथीच्या ढिगाकडे.

"आता माझ्याकडं उपाय नाय, पोरी," यादवमामा शेवटी म्हणाला. "चाकात खोट असती तर घावली असती."

हेच वाक्य सरांनी उचललं. शुक्रवारी सगळ्या मुलींसमोर ते म्हणाले, "चाकं नवी, बेअरिंग साफ, मिस्त्री म्हणतो खोट नाही. चाकात दोष नाही, म्हणजे दोष पायात. वाईट वाटून घेऊ नकोस विमल, तो लहानपणी मोडलेला पाय आहे, त्याला तू तरी काय करणार? राखीव म्हणून ये. प्रवासात मजा येईल."

मजा! विमलच्या अंगाचा तिळपापड झाला. राखीव म्हणजे स्पर्धाभर दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या धरून बसायचं. दोन वर्षं हाच पाय गोल करत होता तेव्हा तो कुणाला आठवला नाही. चाकं बदलल्यावर बरा आठवला! तिने मान खाली घातली नाही. "रविवारी मी येणार सर," एवढंच ती म्हणाली.

पायाची गोष्ट खोटी नव्हती. सात वर्षांची असताना ती जांभळीवरून पडली होती. हाड बसवणाऱ्याने हाड बसवलं, पण डावा पाय किंचित आखूड राहिला. चालताना ते कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. ध्यानात यायचं ते फक्त तिच्या आईच्या, सुमनबाईच्या. सुमनबाई घरी शिवणकाम करायच्या.

त्या संध्याकाळी विमल घरी आली तेव्हा सुमनबाई टीमची पँटच दुमडून शिवत होत्या. हातात वडिलांची कारखान्यातली पोलादी पट्टी होती.

"आई, ती पँट राहू दे. मला घेत नाहीत."

"घेतील का नाही ते नंतर बघू. डावा पाय दोन सूत वर दुमडलाय, घालून बघ."

दोन सूत. मिस्त्री लोकांच्या भाषेत इंचाचे आठ सूत. विमलने हे माप शंभरदा ऐकलं होतं. प्रत्येक शाळेच्या सलवारीला, प्रत्येक दिवाळीला, डावा पाय दोन सूत वर. पण आज ते कानात शिरलं आणि अडकून बसलं. ती तशीच उठली, फडताळाखालच्या खोक्यातून जुनी चाकं काढली आणि उजव्या बुटाचं एक आणि डाव्या बुटाचं एक शेजारी शेजारी उभं करून पट्टी लावली. उजवं चाक चार सूत लहान होतं.

ती मोठ्याने हसली. लांब पाय जास्त रेटत होता, म्हणून त्याचीच चाकं जास्त झिजत होती. झिजत झिजत दोन वर्षांत त्यांनी तिचे दोन्ही पाय एका उंचीवर आणून ठेवले होते, कुणालाही न विचारता. आणि सरांनी मोठ्या मायेने ती काढून टाकली होती. जुनी आता चिरली होती, परत बसणार नव्हती. मग काय करायचं ते तिला लख्ख दिसलं.

शनिवारी सकाळी तिने उजवा बूट यादवमामापुढे ठेवला. "मामा, ही चारही चाकं लेथवर लावा. घासून लहान करायची."

"नवी चाकं? टीमची?" यादवमामाने हात मागे घेतला. "डोकं फिरलं का काय तुझं? एकदा घासलं का परत वाढत नाय हे! सर मला उभा चिरतील."

"तुम्हाला नाही, मला. घासा."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिने पुढे केलेल्या जुन्या चाकांकडे पाहिलं. ती जोडी त्याने फरशीवर ठेवली, खाली वाकून एका डोळ्याने बघितली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "आरं देवा! आन मी येडा छर्रे धुत बसलो. किती घासू? दोन सूत?"

"चार. चाक चार सूत लहान झालं तर बूट दोनच सूत खाली येतो, आस मधोमध असतो ना."

"लय शिकलीस," तो म्हणाला आणि लेथ चालू केला. नव्या रबराचा काळा भुगा खाली पडत होता, जळका वास येत होता, आणि विमल एकदाही दुसरीकडे बघत नव्हती.

रविवारी सरांनी कोर्टावर खडूने दोन रेघा मारल्या होत्या. त्यांच्या मधून बॉल घेऊन जायचं आणि परत यायचं, तीन वेळा, रेघेबाहेर चाक जाता कामा नये. विमल बूट बांधायला बसली आणि सरांची नजर चाकांवर गेली.

"हे काय? नव्या चाकांची ही दशा कुणी केली?"

"मी."

"मी मुंबईहून मागवलेली चाकं!" सरांचा चेहरा लालबुंद झाला. "यावर कुणालाही सरळ जाता येणार नाही. श्यामला, इकडे ये. घाल हे. दाखव हिला काय करून ठेवलंय ते."

श्यामला टीमची कॅप्टन, दोघींचा बूट एकाच मापाचा. बिचारीने बूट चढवले आणि निघाली. दहा पावलांत ती उजवीकडे कलली, रेघ ओलांडली आणि उजव्या कठड्याला जाऊन धडकली. पुन्हा गेली, पुन्हा तेच.

"बघितलंस?" सर म्हणाले.

विमल पुढे झाली. तिने बूट परत घेतले, बांधले, काठी उचलली आणि सुटली. दोन रेघांच्या मधून बॉल असा गेला, जसा आईच्या मशीनखालून दोरा जातो. गेली, आली. दुसऱ्यांदा गेली, आली. तिसऱ्या वेळी तिने वेग एवढा वाढवला, की मुली कठड्यावरून ओरडायला लागल्या. ती सरांसमोर येऊन थांबली. छाती धपापत होती.

"सर, तुम्हीच म्हणालात, चाकात दोष नसेल तर दोष पायात. ही चाकं सरळ जातात, सगळ्यांनी बघितलं. मग आता श्यामलाच्या पायात दोष आहे म्हणायचं का?"

श्यामलाला हसू आवरेना. सर मात्र जवळ आले. मग खाली बसले, विमलच्या उजव्या बुटाचं एक चाक बोटाने फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले.

"मंगळवारी सकाळी सातची एसटी आहे," ते उठत म्हणाले. "आणि या चाकांवर खूण करून ठेव. कुणी चांगलं करायच्या नादात पुन्हा बदलायला नको."

विमलने बूट उलटा करून दाखवला. चारही चाकांवर तिने पट्टीच्या टोकाने आधीच कोरलं होतं: विमल, उजवा.