पुसलेला प्रश्न

सावंगीला, मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, एका मेसच्या वरच्या खोलीत मंजुषाचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, तीन खुर्च्या आणि खालून दिवसभर येणारा फोडणीचा वास. शनिवारी सकाळी कोकिळाबाई जिना चढून वर आल्या, तेव्हा मंजुषा चहाचा कप हातात धरून उभी होती आणि चहावर साय धरली होती. पोरगी चहा प्यायची विसरली, म्हणजे काहीतरी जड आहे, हे कोकिळाबाईंनी ओळखलं.

मंजुषा त्यांच्या भावाची मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिनं आष्टीच्या आदेशला सोबत घेऊन मोबाईलवरचं एक अ‍ॅप काढलं होतं. त्याचं नाव 'बाईले विचारा'. ही बाई म्हणजे कोकिळाबाईच. हिंगणीच्या उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होत्या, सायकलवर पिशवी लटकवून बोर धरणाच्या कडेकडेच्या वस्त्यांपर्यंत जायच्या. आता वय बहात्तर. गावोगावच्या बायका अ‍ॅपमध्ये प्रश्न लिहायच्या आणि कोकिळाबाई आपल्या आवाजात उत्तर बोलून पाठवायच्या.

"आत्या, बस," मंजुषा म्हणाली. "सोमवारी नागपूरले जायचं आहे. कोणतं टूल घेणार, ते सांगा म्हणते ते लोक. नाई सांगता आलं तर मार्चनंतर आपलं आपण पाहा."

'ते लोक' म्हणजे नवे उद्योग सांभाळणारं, अ‍ॅपला पैसे देणारं नागपूरचं केंद्र. अकराशे बायकांनी अ‍ॅप घेतलं होतं, पण प्रश्नाच्या पानावर आलेल्या दर तिघींपैकी दोघी काही न विचारता परत जायच्या. त्या का जातात, हे शोधल्याशिवाय अ‍ॅप वाढणार नव्हतं. शोधायला, बायका अ‍ॅपमध्ये काय करतात ते दाखवणारं टूल लागतं. आदेशनं तीन टूल चौदा-चौदा दिवसांच्या चाचणीवर लावून पाहिली होती.

"पहिलं फुकटचं आहे, बाई," आदेश सांगू लागला. "किती जणींनी उघडलं, किती वेळ थांबल्या, एवढंच मोजते. दुसरं पायरी-पायरीनं दाखवते, बाई कुठून परत फिरली ते. गाव, गल्ली पण सांगते."

"अन् तिसरं?"

आदेश थोडा घुटमळला. "तिसरं दाखवतेच. पिक्चरसारखं. बोट कुठं टेकलं, काय लिहिलं, सारं."

"त्या बायांले माहीत आहे का हे?"

"ते अटींमधी लिहिलं आहे न, आत्या," मंजुषा घाईनं म्हणाली. "सुरुवातीले येते ते लंबं पान."

"तू वाचलं होतं का ते पान?"

मंजुषानं चहाचा कप खाली ठेवला. आदेशनं हसू दाबत लॅपटॉप फिरवला.

पडद्यावर एका फोनचं चित्र होतं. परवाच्या दुपारचं. एक करडा ठिपका इकडून तिकडे फिरत होता. ते त्या बाईचं बोट. बोट प्रश्नाच्या चौकटीवर आलं आणि अक्षरं उमटू लागली. हळूहळू, चुकत, दुरुस्त करत. 'बाई मले आठवा लागला. दोन दिस झाले बाळ हालून नाई राह्यलं. घरी सांगतलं तर म्हनते'

इथं बोट थांबलं. मग नावाच्या चौकटीवर गेलं. तिथं 'र' उमटला आणि पुसला गेला. बोट पुन्हा प्रश्नावर आलं आणि शेवटून एकेक अक्षर खाऊ लागलं. कोकिळाबाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. चौकट कोरी झाली. मग नवी अक्षरं आली: 'खोकल्याले काय घ्यावं'. नावाच्या जागी 'ताई', गावाच्या जागी 'गाव'. आणि प्रश्न पाठवला गेला.

"हे पाहा, नावाच्या चौकटीपाशी येऊनच अडते," आदेश म्हणाला. "अशा कितीतरी आहेत. म्हणून म्हणतो, तिसरंच घ्यावं."

कोकिळाबाईंना त्याचं पुढचं ऐकू आलं नाही. खोकल्याचा तो प्रश्न त्यांना आठवत होता. काल सकाळी, भाजी निवडता निवडता, त्यांनी हसत उत्तर दिलं होतं. ताई, कोमट पाणी पी, आंबट खाऊ नको, दोन दिवसांत थांबलं नाही तर दाखव. दोन दिवसांत!

"मंजू, ही बाई कोण आहे?"

"माहीत नाई. नाव खोटं आहे."

"बाळ हालत नाई म्हणते ते परवा लिहिलं होतं. त्याच्या आधी दोन दिस. आज चौथा दिस आहे." त्यांचा आवाज आपोआप वॉर्डातला झाला होता. "आठव्या महिन्यात बाळ शांत झालं तर एक तास बी थांबायचं नसते. समजलं का तुमाले?"

दोघांचेही चेहरे उतरले. त्यांनी ते चित्र सकाळपासून चार वेळा पाहिलं होतं, पण ते बोटाकडे पाहत होते.

आदेश पटकन दुसऱ्या टूलवर गेला. "तिनं लोकेशनची परवानगी देऊन ठेवली आहे. निघते पत्ता. हे पाहा, सेलू तालुका. हिंगणीकडचं गाव दिसते. आणखी आत गेलं की गल्ली येईल. गाडी काढू का? तासाभरात पोचतो."

हिंगणीकडचं. कोकिळाबाईंचा हात पिशवीकडे गेला. तिथलं घरन् घर त्यांना तोंडपाठ होतं. गल्ली कळली की 'र'वरून घर कळलंच असतं. आणि हात पिशवीवरच राहिला, कारण त्यांना रुख्माबाई आठवली.

एकोणऐंशी सालातली गोष्ट. हापशीवर घागर भरताना रुख्मा हळूच म्हणाली होती, नर्सबाई, पोट दगडासारखं झालं, काई हालत नाई. कोकिळा तेव्हा पंचविशीची. पांढरी साडी, हातात पिशवी, तडक तिच्या घरी गेली आणि भर अंगणात विचारलं, रुख्मे, कधीपासून हालत नाई? सासू दळण टाकून उठली. घरातली गोष्ट गावभर करते का, म्हणून सुनेकडे पाहिलं. आणि रुख्मा मान खाली घालून म्हणाली, मी काईच म्हटलं नाई, नर्सबाईचं आपलं काईतरी. दार लागलं. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून तिला नेलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढं कित्येक वर्षं रुख्मा हापशीवर भेटायची, पण कोकिळाबाई आल्या की अर्धी घागर घेऊन निघून जायची.

त्यानंतर कोकिळाबाईंनी आपली रीत बदलली. एकीचं दुखणं कळलं की त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना लिंबाखाली गोळा करायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या. जिच्यासाठी सांगायचं, तिच्याकडे चुकूनही बघायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी यायची, बहुतेक वेळा सासूला घेऊन.

"गल्ली उघडू नको," त्या आदेशला म्हणाल्या.

"बाई, अन् काई झालं तर?"

"झालं तर माझ्या डोक्यावर." "सातवा ओलांडलेल्या बायांची यादी आहे न तुमच्याकडे? किती आहेत?"

"अ‍ॅपमधी ज्यायनं महिना लिहिला, अशा दोनशे बारा," मंजुषा म्हणाली.

"सगळ्यांले पाठवायचं. फोन दे."

त्यांनी पदर सारखा केला, जसं काही समोर बायका बसल्या होत्या. "बायांनो, मी नर्सबाई बोलते. ज्यायले सातवा सरला, त्या साऱ्यांसाठी सांगते. बाळाचं हालणं कमी झालं वाटलं, थांबलं वाटलं, तर उद्याची वाट पाहू नका. घरच्यांले हे ऐकवा. आत्ताच जवळच्या दवाखान्यात जा, जिल्ह्याच्या नाईतर सावंगीच्या. आपला भ्रम असला तरी चालते. तपासून घरी या. यात कोणाची चूक नसते. सुनेची नाई, सासूची बी नाई."

साडेनऊला निरोप गेला. खाली मेसमध्ये कोणीतरी भांडी आपटत होतं. पहिल्या टूलवर आकडा चढू लागला. अकरा जणींनी ऐकलं. सव्वीस. एकोणचाळीस. एवढंच कळत होतं. कोण ते नाही.

"तिसऱ्यात पाहू का?" मंजुषा हळूच म्हणाली. "तिनं ऐकलं की नाई, एवढंच. मग बंद करू."

कोकिळाबाईंची नजर लॅपटॉपवरच्या तिसऱ्या टूलच्या खिडकीवरून हलत नव्हती.

"मले बी पाहा वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणूनच बंद कर."

"आत्या, सोमवारी मी काय सांगू मग? याच टूलनं तर समजलं न आपल्याले, बाया काऊन परत जातात ते."

"ते मले विचारलं असतं तरी सांगतलं असतं. मी कधी कोणाले आधी नाव विचारलं नाई. आधी दुखणं ऐकायचं, मग पाणी द्यायचं, मग गाव विचारायचं. नाव शेवटी, अन् ते बी तिनं सांगतलं तर." त्या आदेशकडे वळल्या. "ती नावाची चौकट काढता येते का?"

"पाच मिनिटांचं काम आहे."

"मग काढ न. दोन वर्षांपासून काऊन ठेवली होती?"

"फॉर्ममधी नाव असतेच ना, बाई," आदेश म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला. त्यानं आधी तिसरं टूल काढलं, मग चौकट.

साडेअकराला सात प्रश्न आले होते, एरवी दिवसाला तीन-चार यायचे. कोकिळाबाई प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होत्या. पाठदुखी. पायांवर सूज, तिला त्यांनी रक्तदाब आजच तपासायला सांगितलं. गोळ्या रिकाम्या पोटी घ्याव्या का. जी हवी ती नव्हती. आपण तेव्हाही चुकलो आणि आताही चुकलो, गाडी काढायला हवी होती, असं त्यांच्या मनात घोळत राहिलं. एकदा त्या उठून चपला घालून जिन्यापर्यंत गेल्याही, आणि परत येऊन बसल्या.

बाराला आठवा प्रश्न आला. नाव नाही, गाव नाही. 'बाई सावंगीले कोणत्या गेटनं या लागते.'

कोकिळाबाईंनी उत्तर बोलताना कोण, कुठली, काय होतं, काहीच विचारलं नाही. "मेन गेटनं ये. बाहेर औषधांची दुकानं आहेत, तिथं मी उभी आहे. निळी छत्री आहे हातात." हेच उत्तर त्यांनी मंजुषाला सगळ्या दोनशे बारा जणींना पाठवायला सांगितलं आणि छत्री घेऊन त्या खाली उतरल्या.

दोन वाजेपर्यंत चौघी आल्या. दोघी नवऱ्याच्या मोटारसायकलवर, एक आईसोबत ऑटोनं. छत्री पाहून येत आणि कोकिळाबाई काही न विचारता त्यांना प्रसूती विभागाकडे घेऊन जात. चौथी आली ती सासूबरोबर. सुनेचा चेहरा कोरडा, डोळे जमिनीकडे. सासूच पुढं होऊन बोलत होती.

"तुमी हिंगणीच्या नर्सबाई नाई का? आवाजावरून समजलं. मोबाईलमधी साऱ्यायले सांगून राह्यले होते, म्हनलं चाल, आपन बी दाखवून आणू. कोनाची चूक नाई म्हनता तुमी, मग काय."

सून आत गेली. दार लागलं. कोकिळाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या, छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरून. शेजारी सासू आपल्या गावची तूर, गेलेला मोठा नातू, बसची वेळ असं काहीबाही सांगत होती आणि त्या हो, हो म्हणत दाराकडे पाहत होत्या. किती वेळ गेला, त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. पदराच्या आत फोन दोनदा थरथरला. मंजुषाचा असणार, त्यांनी घेतला नाही.

शेवटी एक तरुण सिस्टर बाहेर आली. ठोके आहेत, पण मंद आहेत, ठेवून घेतो, ऑपरेशन लागलं तर सही लागेल, असं ती सासूला समजावू लागली. सासू उठली, पुन्हा बसली. सिस्टरनं दिलेला कागद तिनं कोकिळाबाईंच्या हातात दिला.

"वाचून सांगा. अन् एक सांगा, तुमाले कसं समजलं बाई, असं होऊन राह्यलं म्हनून?"

दार अर्धं उघडं होतं. आत पलंगावर टेकलेल्या सुनेनं पहिल्यांदाच मान वर करून इकडे पाहिलं.

"होते असं," कोकिळाबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. "दरवर्षी कोणाले न कोणाले होते. दर वेळेस साऱ्यांले सांगा लागते." आणि सही कुठं करायची, त्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.