दोन अंश जास्त

मित्रांनो, द्राक्षांच्या गावांत मला ‘ब्रिक्स मीटर’ म्हणतात. वीतभर लांबीची काळी नळी, पुढच्या टोकाला तिरकस काच, काचेवर एक पारदर्शक झापड आणि मागे डोळा लावण्यासाठी रबराची कडी, एवढेच माझे शरीर. द्राक्षाच्या रसात साखर किती आहे, हे सांगणे हे माझे काम. माझे वय एकोणीस वर्षे आहे. यंत्राच्या मानाने मी म्हातारा झालो. सध्या नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळच्या एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, कपाटाच्या खणात माझा मुक्काम असतो. माझी हकीकत आनंदाची नाही. तरीही ती क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की दोष कोणाचा हे कळत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. सर्व भाग जोडून झाल्यावर तेथील कारागिराने माझ्या काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि आत पाहिले. माझ्या पोटात आकड्यांची एक उभी पट्टी आहे. तिच्यावर वर निळा आणि खाली पांढरा रंग दिसतो. दोन्ही जेथे मिळतात तो आकडा म्हणजे गोडी. पाण्यात गोडी नसते, म्हणून पाण्यावर ती रेघ शून्यावर यायला हवी. माझ्या पाठीवर, एका टोपणाखाली, बारीक स्क्रू आहे. कारागिराने तो हळूहळू फिरवून रेघ शून्यावर आणली आणि मला डबीत ठेवले. मित्रांनो, माझ्या खरेपणाचा पाया एवढाच आहे. शून्य जागेवर असेल तर पुढचा प्रत्येक आकडा जागेवर असतो.

मी पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या जागी, आलो आणि सावळीराम यांच्या हाती पडलो. ते आय.टी.आय. शिकलेले, मोजके बोलणारे गृहस्थ होते. परदेशी जाणारी द्राक्षे तोडण्यापूर्वी बागेत जाऊन त्यांची शुगर तपासणे हे त्यांचे काम. शुगर सोळा आली तर तोडणी करायची. कमी असेल तर थांबायचे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ते माझ्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकत, शून्य पाहत आणि मगच वहीत तारीख घालत. बागेत गेल्यावर घडाच्या उन्हाकडच्या बाजूचे टपोरे मणी ते घेत नसत. सावलीतल्या घडाच्या शेंड्याचे मणी घेत, कारण गोडी तेथे सर्वांत शेवटी पोचते. सोमनाथ नावाचे एक बागाईतदार त्यांची नेहमी थट्टा करीत.

“सावळीरामभाऊ, लय गोड झालाय माल. चाखून तर बघा.”

“माझी जीभ आत्ताच चहा पिऊन आलीय, सोमनाथ. तिचं काय ऐकतोस? याला विचार.”

“आन् हा नाय पीत का चहा?”

“हा फक्त पाणी पितो. रोज एक थेंब.”

असे अठरा हंगाम गेले. सावळीराम कोणालाही स्वतःचे मत सांगत नसत. ‘मीटर जे दाखवेल ते लिहायचं’ हा त्यांचा नियम होता. ते मला बागाईतदाराच्याच हातात देत आणि त्यालाच पाहायला लावत. हळूहळू त्या भागातील माणसे जिभेपेक्षा माझ्यावर अधिक विश्वास ठेवू लागली. मला त्याचा अभिमान वाटत असे. ती चूक होती, हे मला फार उशिरा समजले. सावळीरामांनी लोकांना मला मानायला शिकवले; मला तपासायला शिकवले नाही. पाण्याचा तो थेंब ते पहाटे एकट्याने टाकत. बागेत, लोकांसमोर, तो त्यांनी कधीच टाकला नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि ते घरी बसले. त्यांची मुलगी निकिता कृषी पदविका घेऊन त्याच पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर झाली. नेमणूक सहा महिन्यांची होती. काम पसंत पडले तर एप्रिलमध्ये कायम नेमणुकीचे पत्र मिळणार होते. सावळीरामांचा पगार थांबल्याने घरात दुसरी मिळकत नव्हती. सावळीरामांनी मला तिच्या हातात दिले आणि म्हणाले, “सकाळचं पाणी विसरू नकोस.”

ती विसरली नाही. जानेवारीत तिने तीन बागांना ‘थांबा’ म्हणून सांगितले. तिन्ही वेळा पॅकहाऊसचे व्यवस्थापक सुनील चिडले.

“निकिता मॅडम, तुमच्या घरात ‘नाही’ म्हणायचा क्लास चालतो का?”

“सर, मीटरमध्ये पंधराच येतेय.”

“मीटर, मीटर! जहाज मीटर बघून थांबत नाही.”

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोमनाथ यांच्या बागेतील नमुना पॅकहाऊसमध्ये आला. निकिताने मणी चुरडले, रस काचेवर टाकला आणि मी साडेचौदा दाखवले. कंटेनर दुसऱ्याच दिवशी भरायचा होता. सुनील यांनी मला टेबलावरून उचलले, पाठीवरचे टोपण काढले आणि खिशातल्या छोट्या पेचकसाने स्क्रू फिरवायला सुरुवात केली. समोर घड निवडणाऱ्या चौदा बाया बसल्या होत्या. सर्वांच्या कात्र्या थांबल्या.

त्यांतील विमलाबाई सर्वांत वडील. त्या म्हणाल्या, “साहेब, ते ताईंच्या वडलांचं हाय. त्याला नका हात लावू.”

“मावशी, सर्व्हिसिंग चाललंय. तुम्ही कात्री चालवा, तोंड नको.”

कोणी हसले. कात्र्या पुन्हा सुरू झाल्या. सुनील यांनी मला निकितासमोर धरले. त्याच रसावर आता साडेसोळा दिसत होते.

“सर, हे चूक आहे.”

“मी तुम्हाला खोटं लिहायला सांगतोय का? अजिबात नाही. मीटर जे दाखवेल ते लिहा. तुमच्या पप्पांचंच वाक्य आहे ना?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि एप्रिलचं पत्र माझ्याच सहीनं निघतं, हे लक्षात असू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताने पाण्याची बाटली उघडली, थोडा वेळ हातात धरली आणि तशीच बंद केली. तेव्हापासून तिने माझ्यावर पाण्याचा थेंब टाकला नाही.

मित्रांनो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी खोटे दाखवतो आहे, हे मला जाणवले नाही. माझ्या पोटातली रेघ पूर्वीइतकीच ठळक होती, आकडे पूर्वीइतकेच स्पष्ट होते. सर्व मापे सारखीच दोन अंशांनी सरकली की आतून काहीही वाकडे दिसत नाही. आपण खरे आहोत की नाही, हे आपल्याला आपल्या आतून कळते असे पुष्कळ जण समजतात. माझा अनुभव तसा नाही. मला पाण्याची गरज होती आणि पाणी कोणी दिले नाही.

सोमनाथ यांच्या बागेत निकिता नऊ वाजता पोचली. पेठ गावचा मंगळू आपली मजुरांची टोळी घेऊन बांधावर तयार होता. अकरा वर्षे तो तोडणीसाठी याच बागेत येत असे. सोमनाथ यांनी एक मणी तोंडात टाकला आणि कपाळाला आठी घातली.

“ताई, आंबट लागतंय मला. अजून पाच-सहा दिवस तरी पाहिजेत बघा.”

निकिताने मणी चुरडले. तिने रस टाकून मला पुढे केले. सोमनाथ यांनी डोळा लावला.

“साडेसोळा? मग माझी जीभच गेली कामातून!” ते मोठ्याने हसले. “सावळीरामभाऊंचा मीटर हाय, त्याच्यापुढं आपण काय बोलायचं? मंगळू, लाव माणसं!”

निकिताने वहीत साडेसोळा लिहिले व खाली सही केली. अक्षर नेहमीसारखेच वळणदार होते. मला ते अधिक वाईट वाटते.

मार्च संपताना परदेशातून तक्रार आली की माल आंबट आहे. पॅकहाऊसने वही उघडली. वहीत साडेसोळा होते, सही होती. म्हणजे तपासणी बरोबर होती. तेव्हा तोडताना कच्चा माल मिसळला गेला असणार, असा निष्कर्ष निघाला. सोमनाथ यांचे नाव बागाईतदारांच्या यादीतून काढण्यात आले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सावळीराम सकाळी विहारातून घरी आले. पूर्वी दर रविवारी बापलेक वंदनेला बरोबर जात. फेब्रुवारीपासून निकिता काही ना काही कारण सांगून घरीच राहत असे. ते चप्पल काढत होते तोच सोमनाथ दारात उभे राहिले. हातात बेदाण्याची पिशवी होती. ते भांडायला आले नव्हते. ते माफी मागायला आले होते.

“भाऊ, ताईंना माझ्यामुळं खाली बघावं लागलं. चूक माझ्या बागेत झाली. मंगळूच्या लोकांनी मागच्या ओळींचा कच्चा माल घुसडला.”

“मंगळू? तो असं करणारा नाही.”

“मलाबी पटत नव्हतं. पण मग माल आंबट झाला कसा? हाकलून दिला त्याला. पोरीची शपथ घेत होता, रडत होता. अकरा वर्षांपासनंचा माणूस, भाऊ! पण मीटर तर खोटं बोलत नाय ना?”

“नाही,” सावळीराम म्हणाले. “तो खोटं बोलत नाही.”

निकिता स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी तिच्या पिशवीत, बाहेरच्या खोलीतल्या खुंटीला लटकत होतो. आत भांड्याचा आवाज काही क्षण थांबला व पुन्हा सुरू झाला. तिने चहा आणून दिला. सोमनाथ यांनी तिला नमस्कार केला आणि निघून गेले.

सावळीरामांनी मला पिशवीतून काढले. सवयीने असेल किंवा शंकेने असेल, त्यांनी माठातल्या पाण्याचा थेंब काचेवर टाकला. बराच वेळ ते डोळा लावून उभे होते.

“निकिता, आपल्या माठातलं पाणी गोड झालंय का गं?”

ती दारात आली. “मला माहीत आहे, पप्पा.”

“कधीपासून?”

“फेब्रुवारीपासून. सरांनी फिरवला.”

“आणि सही?”

“सही माझी.”

सावळीरामांनी चप्पल पुन्हा पायात घातली. “चल. सोमनाथ अजून द्वारका चौकातच असेल. आत्ता सांगू.”

“पत्र यायला नऊ दिवस राहिलेत, पप्पा.” ती रडत नव्हती, हिशोबीपणे बोलत होती. “आणि सांगितलं तर लोक मला एकटीला धरणार नाहीत. म्हणतील, बापानंही अठरा वर्षं असंच केलं असणार. मीटर तोच आहे ना? तुमचं सगळं खरंसुद्धा खोटं ठरेल. चालेल तुम्हाला?”

मित्रांनो, मी त्या क्षणी सावळीरामांच्या मुठीत होतो. मूठ आवळली गेली, मग सैल झाली. ते दाराकडे पाहत राहिले. खाली रिक्षावाल्यांचे हॉर्न वाजत होते. थोड्या वेळाने ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी चप्पल काढून ठेवली.

त्याच दुपारी त्यांनी पेचकस घेतला, माझे टोपण काढले आणि रेघ शून्यावर आणली. काच मऊ कापडाने पुसली, मला डबीत ठेवले आणि डबी कपाटाच्या खणात.

नवव्या दिवशी निकिताला पत्र मिळाले. तिने पॅकहाऊससाठी नवा, बटनाचा मीटर मागवला. विमलाबाईंनी एकदा विचारले, “ताई, जुना कुठं गेला?”

“बिघडला, मावशी.”

“बिघडला नाय ताई, बिघडवला,” असे म्हणून त्या आपल्या घडाकडे वळल्या. हे निकिताने स्वतःच घरी जेवताना सांगितले. सावळीरामांनी फक्त मीठ मागितले.

या हंगामात सुनील यांनी तिची दोनदा स्तुती केली. ती आता पुन्हा रविवारी विहारात जाते. खोटे न बोलण्याचे चौथे शील म्हणताना तिचे ओठ हलतात की नाही, हे मला खणातून दिसत नाही. सोमनाथ यांचा मध्यंतरी फोन आला होता. ते आता स्वतः चाखून पाहत नाहीत. जिभेवर भरवसा राहिला नाही म्हणाले. तोडणीला दुसरी टोळी आहे. मंगळूला या वर्षी कोणीच बोलावले नाही, कारण कच्चा माल मिसळणारा माणूस म्हणून त्याचे नाव सगळ्या बागांत पोचले आहे.

अशा कथनाच्या शेवटी यंत्राने ‘माझी काळजी घ्या’ असे म्हणायचे असते. मी तसे म्हणणार नाही. माझी काळजी उत्तम घेतली जाते. सावळीराम दर महिन्याला डबी उघडतात, काच पुसतात आणि शून्य पाहतात. मी आज पूर्णपणे बरोबर आहे. खणात बंद असलेल्या बरोबर यंत्राचा कोणालाही उपयोग नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. स्वतःशी खरे राहणे म्हणजे आपली रेघ गुपचूप जागेवर आणून ठेवणे, असे त्यांना वाटले असावे. त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. चप्पल घालून उठण्यापर्यंत तरी ते पोचले होते.

माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या गप्प राहण्यामुळे कोणी एखादा आपल्या जिभेवर, आपल्या डोळ्यांवर, अकरा वर्षे सोबत असलेल्या आपल्या माणसावर अविश्वास ठेवून बसला असेल, तर त्याच्याकडे जा आणि चूक त्याची नव्हती एवढे सांगा. उशीर झाला असला तरी सांगा. तुम्ही तसे कराल अशी मला फारशी आशा नाही. शहाण्या, शिकलेल्या, चांगल्या माणसांनी ते केलेले मी पाहिलेले नाही.

नाशिकहून मंगळूच्या पेठला जायला दिवसभर गाड्या असतात. या घरातून अजून कोणी गेलेले नाही.