उथळ पाण्याचं अक्षर

नारू तांडेलाच्या बोटीवर मासे दाखवणारं यंत्र बसलं तेव्हा धाकट्या डहाणूत त्याचं कौतुकच झालं. उंबरगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेलं, वापरलेलं, पण चांगलं चालणारं. बोटीखाली पाणी उथळ की खोल, मासे आहेत की नाहीत, सगळं पडद्यावर उमटायचं. फक्त पडद्यावरची अक्षरं चिनी होती.

"एमां शुं, भाभी, चित्र जोईने चाली जशे," व्यापारी नारूच्या बायकोला, शांतीला म्हणाला होता.

चित्र बघून काही भागलं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी यंत्र टीं-टीं वाजायला लागलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. नारूचा भागीदार चिमण म्हणाला, मासे आले. दोघांनी जाळं सोडलं, आणि ते तळाच्या खडकात अडकून उभं फाटलं. यंत्र मासे दिसले तरी तसंच वाजायचं, पाणी उथळ झालं तरी तसंच आणि फार खोल झालं तरी तसंच. फरक काय तो त्या लाल अक्षरांत होता.

फाटलेलं जाळं अंगणात पसरून शांती सांधायला बसली.

मुलगी रुपल कॉलेजात होती. तिने त्या यंत्राचं माहितीपत्रक फोनवर शोधून काढलं आणि फोनकडूनच त्याचं मराठी करून घेतलं. लाल अक्षरांच्या जागी फोनने लिहिलं, ‘उथळ पाण्याने पोलिसांना कळवा’; इशाऱ्याचे त्याने पोलीस केले होते. शांती जाळं बाजूला ठेवून पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली.

"म्हणजे यातलं एक अक्षर उथळचं, एक पाण्याचं."

"हो. हे उथळ आणि हे पाणी."

"मग मला हे शिकव."

"आई, मलाच येत नाही."

"तर दोघी शिकू."

रुपलने फोनवर चिनी शिकवणारे धडे उतरवले. शांती सातवीपर्यंत शिकलेली. मराठी वाचायची, गुजराती पाट्या वाचायची. अक्षर म्हणजे आवाज, हे तिच्या डोक्यात पक्कं. इथे एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द, आणि त्याचा आवाज अक्षराकडे बघून कळेल याचा भरवसा नाही. पहिला आठवडा तिने ओट्यावर बसून ओल्या बोटाने सिमेंटवर अक्षरं गिरवली. उन्हात ती भराभर वाळून जात. डोक्यातूनही तशीच जात. संध्याकाळी रुपल विचारी आणि शांतीला रेघांची गुंतवळ आठवे, अर्थ नाही.

"बोंबील सुकवायला टाकलेत असं वाटतं सगळं," ती वैतागून म्हणाली. "एकासारखा एक."

नारू जेवता जेवता म्हणाला, "कशाला डोक्याला त्रास करून घेतेस? आम्ही अंदाजाने बघू."

"तुमच्या अंदाजाचं जाळं मी सांधलंय," शांती म्हणाली. नारू भात कालवायला लागला.

गाठ सुटली ती रुपलच्या एका बोलण्याने. ती म्हणाली, "आई, अक्षर अख्खं नको बघूस. त्याचे तुकडे बघ. डावीकडे हे तीन थेंब आहेत ना, ते जिथं दिसतील तिथं पाण्याचा संबंध."

शांतीने पुन्हा पाहिलं. 浅, उथळ: तीन थेंब. 深, खोल: तेच तीन थेंब. म्हणून तर ही दोन्ही अक्षरं तिला रोज चकवत होती. तिने थेंब सोडून दिले आणि उरलेल्या भागाकडे टक लावली. उथळमध्ये पाण्याशेजारी दोन आडव्या फळ्या, आणि त्यांतून तिरकी गेलेली काठी. ओहोटीला खाडीत बोट रुतली की चिमण अशीच काठी तळाला रोवून ढकलायचा. काठी तळाला टेकते, म्हणजे पाणी उथळ. आणि खोलमध्ये? खाली एक झाड, त्याच्यावर झाकण. अख्खं झाड उभ्याउभ्या बुडालंय आणि वरून पाणी मिटलंय.

त्या संध्याकाळी रुपलने विचारण्याआधीच शांतीने दोन्ही अक्षरं काढून दाखवली. दुसऱ्या दिवशीही काढली. नंतर तर थांबायचं नावच नव्हतं. 口 म्हणजे तोंड, नुसती चौकट. 鱼 म्हणजे मासा: वर डोकं, मध्ये खवले, खाली शेपटीची रेघ. ती बाजारात मासळी विकायला बसली की पाटीतल्या माशांकडे बघत मनात ती रेघ ओढायची. गिऱ्हाईक भाव विचारी तेव्हा भानावर यायची.

महाशिवरात्र झाल्यावर ती नारूला म्हणाली, "मला बोटीवर घेऊन चला. पडद्यावर वाचता येतं का बघायचंय."

चिमण जरा अवघडला. "वहिनी, बोट लागेल."

"लागली तर उलटी करीन. वाचायला तोंड लागत नाही."

भल्या सकाळी तिघं खाडीबाहेर पडले. किनारा मागे गेला तशी शांतीला बोट लागली, पण ती पडद्यासमोरून हलली नाही. बऱ्याच वेळाने यंत्र वाजलं. लाल अक्षरं उमटली. चिमणने लगेच जाळ्याला हात घातला.

"मासे, तांडेल."

शांतीने पाहिलं आणि तिचं डोकं रिकामं झालं. बोट हलत होती, पडद्यावर ऊन चमकत होतं, अक्षरं घरच्यापेक्षा बारीक होती. थेंब दिसले. पण थेंब तर दोन्हीकडे. तिने तळहाताने ऊन अडवलं. झाड शोधलं. झाड नव्हतं. फळ्या होत्या, आणि तिरकी काठी.

"जाळं टाकू नका," ती म्हणाली. "उथळ आहे. खाली खडक."

चिमणने नारूकडे पाहिलं. नारूने बायकोकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे पाहिलं, आणि सुकाणू वळवलं. थोड्या वेळाने ओहोटीचं पाणी उतरलं आणि जिथून ते फिरले होते तिथे काळ्या खडकाची पाठ पाण्याबाहेर आली. चिमणने हातातला दोर हळूच खाली ठेवला.

पुढे खोल पाण्यात यंत्र पुन्हा वाजलं. या वेळी शांतीला थांबावं लागलं नाही. अक्षर शोधायच्या आधीच अर्थ आला, दुकानाची पाटी वाचावी तसा.

"मासे," ती म्हणाली. "टाका."

जाळं वर आलं तेव्हा सरंगे उन्हात चांदीसारखे चमकत उडत होते. नारू ओढता ओढता हसत होता. लग्नानंतर त्याला असं हसताना तिने क्वचितच पाहिलं होतं.

परतताना शांती उगाच यंत्राची बटणं दाबून जे दिसेल ते वाचत बसली. एका यादीत तिला 语言 दिसलं. दोन्ही अक्षरांत तोंडाची चौकट. बोलणं, म्हणजे भाषा. तिने ते उघडलं तर खाली दुसरं नाव होतं, इंग्रजी लिपीत, ‘इंग्लिश’.

चिमण वाकून बघत म्हणाला, "म्हणजे हे पहिल्यापासून बदलता येत होतं?"

"येत होतं."

"मग करा की वहिनी इंग्रजी."

"तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

चिमण नारूकडे बघायला लागला आणि नारू समुद्राकडे. शांती इतकी हसली की बोट लागल्याचं तिला आठवलंच नाही.

"राहू दे आहे तसंच," शेवटी नारू म्हणाला. "तू काही रोज येणार नाहीस. आम्हाला शिकव."

तो सुकाणू चिमणच्या हातात देऊन तिच्याशेजारी येऊन बसला. बंदर दिसू लागलं होतं, धक्क्यावर बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. शांतीने त्याचं बोट धरलं आणि पडद्यावरच्या पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवलं.