करंजाला लावलेला चुना

लेकरू तापानं गेलं, तेव्हापासून गोजराचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वाशीतल्या नव्या कोऱ्या इमारतीतली ती खोली, चारी बाजूंनी सिमेंट. आत बसली की हात थरथरायचे, छाती धडधडायची. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. फरक म्हणाल तर शून्य. मग एकदा भाजी घेऊन येताना ती समोरच्या मोकळ्या जागेतल्या करंजाखाली टेकली नि तिथंच तिचा डोळा लागला. सहा महिन्यांत पहिल्यांदा! दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या निम्म्या करू, पण ते झाड सोडू नका."

तिचा नवरा शिवराम कचेरीत शिपाई. मूळचा मराठवाड्यातला, मनानं सरळ. कचेरी सुटली की तडक करंजाकडे यायचा. गोजरा सावलीत भाजी निवडत असायची, हात अगदी स्थिर. एक दिवस तर ती चक्क हसली. आपली गोजरा परत आली, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

एक्क्याऐंशी साली त्या जागेवर इमारती बांधायचं ठरलं. एका संध्याकाळी शिवराम बघतो तर सगळ्या झाडांना चुन्याचे पट्टे, आणि करंज तेवढा कोरा! गावाकडं सडकेच्या झाडांना असाच चुना असायचा. चुना म्हणजे सरकारी झाड. हात लावायची कुणाची टाप नाही. म्हणजे बाकीची वाचली आणि आपलंच जाणार!

अरे बाबा, कुणाला विचारायचं तरी! पण नाही. यानं डबाभर चुना कालवला आणि फडक्यानं करंजाला पट्टा ओढला. त्या रात्री तो निर्धास्त झोपला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आला तर पट्ट्याची सगळी झाडं आडवी, त्यात करंजही. झाडं तोडणाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "चुन्याचीच तोरायची होती. ह्यो करंज सायबांनी ठेवलेला. पन आज बगतो तं त्याला पन चुना हाय. आमी काय करनार?"

गोजरा खोडाजवळ बसली होती. हात लटलट कापत होते.

"आवो, ह्ये ठिवलं हुतं म्हनं त्यांनी! कोन्या मुडद्यानं चुना फासला वो? वाटोळं हुईल त्याचं!"

तिचे हात धरायला शिवराम खाली बसला. त्याच्या नखांत चुना अजून तसाच होता. गोजरानं तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"माजा तळतळाट लागू नये तुमाला," ती कशीबशी म्हणाली, आणि मग दोघंही हंबरडा फोडून रडली.